दुखापतीनंतर जागा कोणाची? ॲलेक्स स्मिथचा पाय आणि क्वार्टरबॅकची जागा

अमेरिकन फुटबॉलमध्ये एक अलिखित नियम सांगतात: दुखापतीमुळे कुणाची जागा जात नाही. पहिल्या पसंतीचा खेळाडू जायबंदी होऊन चार-सहा आठवडे बाहेर बसला, तरी तो बरा होऊन आला की जागा त्याचीच. मधल्या काळात खेळलेल्या राखीव खेळाडूचे आभार मानायचे आणि त्याने पुन्हा बाकावर जाऊन बसायचं. ऐकायला न्यायाचं वाटतं. पण क्वार्टरबॅकच्या जागेपुरता हा नियम पाळला जाईलच याची खात्री नसते. तो का मोडतो हे कळलं, की हा खेळ आतून कसा चालतो तेही बरंचसं कळतं.

हे समजून घ्यायला ॲलेक्स स्मिथइतका योग्य माणूस दुसरा नाही. त्याच्या उजव्या पायावर १७ शस्त्रक्रिया झाल्या, पाय कापावा लागेल अशी वेळ आली, आणि तरी ६९३ दिवसांनी तो पुन्हा सामन्यात उतरला. ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. मला मात्र तिचा दुसरा भाग जास्त अस्वस्थ करतो. पाय बरा होणं ही एक लढाई होती आणि जागा परत मिळणं ही वेगळी. पहिलीत थोडंफार तरी त्याच्या हातात होतं. दुसरीत जवळजवळ काहीच नव्हतं.

ज्यांनी हा खेळ कधी नीट पाहिला नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं. आपल्यापैकी अनेकांची भाचरंडं आता अमेरिकेत असतात आणि सप्टेंबरपासून त्यांच्या रविवारच्या फोनमध्ये मागे टीव्हीचा गोंगाट असतो, तो याच खेळाचा. दोन्ही बाजूंनी अकरा-अकरा जण. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. तेवढं जमलं तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्यांकडे. प्रत्येक प्रयत्न म्हणजे पाच-सात सेकंदांची खेळी, मग थांबा, मग पुढची.

प्रत्येक खेळीच्या सुरुवातीला मधला खेळाडू दोन पायांमधून चेंडू मागे देतो आणि तो ज्याच्या हातात पडतो तो क्वार्टरबॅक. त्याच्या शिरस्त्राणात छोटा स्पीकर असतो. त्यातून प्रशिक्षकांचा आवाज येतो आणि खेळी सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो. त्यानंतर त्याचं तोच बघतो. समोरच्यांची मांडणी वाचायची, गरज पडली तर खेळी ऐन वेळी बदलायची, चेंडू हातात आला की मागे सरायचं आणि तीनेक सेकंदांत ठरवायचं की फेकायचा कुणाकडे. त्याच्यापुढे त्याचे पाच धिप्पाड साथीदार भिंत करून उभे असतात. त्यांच्या आडोशाला असलेल्या जागेला पॉकेट म्हणतात. भिंत फुटली आणि चेंडू हातातून सुटायच्या आत कुणी त्याला खाली पाडलं, तर तो सॅक.

पॉकेटमध्ये उभं राहताना क्वार्टरबॅकने आपल्या अंगावर येणाऱ्यांकडे बघायचं नसतं. नजर लांब, धावत सुटलेल्या साथीदारांवर. सव्वाशे किलोची माणसं दोन हातांवर झटत असतात आणि त्यांच्याकडे न बघता उभं राहणं हाच त्याच्या कामाचा गाभा. पाय मोडून परतलेल्या माणसाच्या बाबतीत हे लक्षात ठेवायला हवं.

आता जागेचं. बाकीच्या बहुतेक जागांवर खेळाडू आलटून पालटून खेळतात. धावणारे दोन-तीन असतात, झेल घेणारे चार-पाच, बचावातले तर सतत बदलत राहतात. एखादा दुखापतीतून परतला तर त्याला आधी दहा खेळी देता येतात, पुढच्या आठवड्यात वीस. क्वार्टरबॅकच्या बाबतीत अशी मधली वाट नसते. एक जण सगळ्या खेळी खेळतो, दुसरा टोपी घालून बाजूला उभा राहतो. सरावातही तेच. आठवडाभरात जेवढा सराव होतो त्यातल्या बहुतेक खेळी पहिल्या क्वार्टरबॅकला मिळतात, कारण झेल घेणाऱ्यांशी त्याची वेळ जुळली पाहिजे. दुसऱ्याच्या वाट्याला उरलेसुरले येतात, तिसरा नुसता बघतो. त्यामुळे जागा गेली की सरावही जातो, आणि सराव नसला की जागा परत मिळवण्याइतकं खेळून दाखवणं अवघड होतं. दुखापतीतून आलेला माणूस नेमका या फेऱ्यात सापडतो.

त्यात पैसा आहे. संघांना पगारावर वार्षिक मर्यादा असते आणि त्यातला मोठा वाटा क्वार्टरबॅकवर जातो. म्हणून संघांचं लक्ष कायम तरुण, नव्या निवडीच्या क्वार्टरबॅककडे असतं (दर वर्षी संघ नवे खेळाडू आळीपाळीने, फेऱ्याफेऱ्यांनी निवडतात, ती ही निवड). पहिली चार वर्षं त्याचा पगार ठरलेला आणि तुलनेने कमी असतो, आणि त्याच्यावर पहिल्या फेरीची निवड खर्च केली असेल तर त्याला खेळवून बघण्याची घाई मालकापासून प्रशिक्षकांपर्यंत सगळ्यांना असते. ताज्या दमाचा पोरगा हाताशी असताना बरा होत असलेल्या पस्तिशीच्या माणसासाठी कोण थांबेल?

स्मिथला हे सगळं पाय मोडायच्या आधीच कळलेलं होतं. तो २००५ च्या निवडीत सगळ्यांत पहिला निवडला गेला होता, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सकडून. सुरुवातीची वर्षं वाईट गेली. खांद्याचं दुखणं झालं, प्रशिक्षक बदलत राहिले. जिम हार्बो आल्यावर २०११ मध्ये गाडी रुळावर आली आणि २०१२ मध्ये तर तो आयुष्यातला उत्तम खेळ खेळत होता. ॲरिझोनाविरुद्धच्या एका सामन्यात त्याने १९ पैकी १८ चेंडू बिनचूक पोहोचवले. त्यानंतरच्याच सामन्यात, ११ नोव्हेंबरला, त्याच्या डोक्याला मार बसला. मेंदूला बसलेल्या अशा हादऱ्यानंतर डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्याशिवाय खेळता येत नाही. पुढच्या सामन्यात त्याच्या जागी कॉलिन केपरनिक हा दुसऱ्या वर्षाचा तरुण उतरला आणि त्याने शिकागोचा ३२-७ असा फडशा पाडला. स्मिथ बरा झाला, पण हार्बो यांनी केपरनिकलाच कायम ठेवलं. संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत गेला. स्मिथने तो सामना बाजूला उभं राहून पाहिला आणि काही आठवड्यांत त्याची रवानगी कॅन्सस सिटीला झाली.

त्याचं काय चुकलं होतं? काहीही नाही. मला तर वाटतं हार्बो यांचंही चुकलं नव्हतं. हा प्रश्न अवघड आहे तो म्हणूनच. केपरनिक वेगाने धावायचा, त्याच्यामुळे समोरच्या बचावाला दोन वेगळे धोके सांभाळावे लागायचे, आणि प्रशिक्षकाला उरलेला हंगाम जिंकायचा होता. दुखापतीने प्रशिक्षकाला अशी एक गोष्ट दाखवली जी एरवी त्याला कधी दिसलीच नसती. राखीव क्वार्टरबॅक खऱ्या सामन्यात कसा खेळतो, हे पहिला धडधाकट असेपर्यंत कुणाला कळत नाही.

याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण ११ वर्षं आधीचं. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा ड्रू ब्लेडसो. २००१ च्या मार्चमध्ये त्याच्याशी दहा वर्षांचा, १०.३ कोटी डॉलरचा करार झाला. सप्टेंबरमध्ये जेट्सविरुद्धच्या सामन्यात त्याला असा धक्का बसला की छातीत आतल्या आत रक्तस्राव झाला, जिवावर बेतलं. त्याच्या जागी आला तो आदल्या वर्षी १९९ व्या क्रमांकावर निवडला गेलेला टॉम ब्रेडी. नोव्हेंबरमध्ये ब्लेडसो बरा झाला, पण प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी ब्रेडीलाच खेळवायचं ठरवलं. आणि मग पिट्सबर्गमधल्या उपांत्य लढतीत ब्रेडीचा घोटा दुखावला, ब्लेडसो आत आला, त्याने सामना जिंकून दिला, आणि तरी अंतिम सामन्यात सुरुवात केली ती ब्रेडीनेच. ब्लेडसो पुढच्या हंगामात बफेलोला गेला. पुढच्या वीस वर्षांचा ब्रेडी आपल्याला माहीत असतो, म्हणून हा निर्णय आज सरळ वाटतो. त्या नोव्हेंबरमध्ये तो अजिबात सरळ नव्हता.

स्मिथकडे वळतो. कॅन्सस सिटीत तो पाच हंगाम खेळला, चांगला खेळला. २०१७ मध्ये संघाने पहिल्या फेरीत पॅट्रिक महोम्सला निवडलं, म्हणजे स्मिथची जागा घेणारा माणूस त्याच्याच शेजारी आणून बसवला. स्मिथने त्याला वर्षभर हाताशी धरून शिकवलं आणि त्याच वर्षी फेकीच्या गुणांकनात तो स्वतः लीगमध्ये पहिला आला. तरी हंगाम संपताच त्याला वॉशिंग्टनकडे पाठवण्याचं ठरलं. महोम्सने पुढे सतत सांगितलंय की त्या एका वर्षात स्मिथकडून खूप शिकायला मिळालं.

वॉशिंग्टनने मात्र मनापासून घेतलं. चार वर्षांची, ९.४ कोटी डॉलरची करारवाढ दिली आणि संघ सहा जिंकून, तीन हरून गटात आघाडीवर होता. मग १८ नोव्हेंबर २०१८ उजाडला. घरच्या मैदानावर, मेरीलँडमधल्या लँडोव्हरला, ह्यूस्टनविरुद्ध तिसऱ्या सत्रात करीम जॅक्सन आणि जे. जे. वॉट या दोघांनी मिळून स्मिथला सॅक केलं आणि त्याचा उजवा पाय खालच्या बाजूला जिथे वळू नये तिथे वळला. नडगीचं मोठं हाड आणि शेजारचं बारीक हाड, दोन्ही मोडली. मोड सर्पिलाकार होता, म्हणजे पिळवटल्यासारखा, आणि हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. वॉशिंग्टनच्याच जो थाइजमन या क्वार्टरबॅकचा पाय असाच मोडला होता तो १८ नोव्हेंबर १९८५ ला. बरोबर ३३ वर्षांपूर्वी, तीच तारीख. दोन्ही सामन्यांचा निकालही २३-२१. थाइजमन पुन्हा कधी खेळला नाही.

हाड कातडीबाहेर येणं एवढं धोक्याचं का? हाड मोडणं खेळात नवं नाही. प्लेट बसवतात, सळई घालतात, काही महिन्यांत ते सांधतं. कातडी शाबूत असेल तर आतली जागा जंतूंपासून सुरक्षित राहते. ती फाटली की माती, घाम, गवत सगळ्यांना वाट मिळते. स्मिथच्या बाबतीत तेच झालं. पहिली शस्त्रक्रिया झाली, वाटलं निभावलं. मग ताप चढायला लागला, रक्तदाब घसरला, पायावर फोड आले आणि कातडी काळवंडली. त्याला नेक्रोटायझिंग फॅसिआयटिस झाला होता. यात जंतू स्नायूंवरच्या पातळ आवरणातून वेगाने पसरतात आणि वाटेतलं मांस मारत जातात. औषधं पुरत नाहीत, कारण मेलेल्या भागात रक्तच पोहोचत नाही, आणि रक्त नाही तिथे औषधही नाही. एकच उपाय उरतो तो म्हणजे मेलेलं सगळं कापून काढणं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघणं आणि आणखी मेलं असेल तर पुन्हा कापणं. विष रक्तात भिनलं होतं, म्हणजे प्रश्न जिवाचा होता. डॉक्टरांनी त्याच्या पत्नीला, एलिझाबेथला, क्रम स्पष्ट सांगितला: आधी जीव, मग पाय. पाय गुडघ्यावरून कापावा लागण्याची शक्यताही समोर ठेवली. त्या आठवड्यांतलं स्मिथला स्वतःला फारसं काही आठवत नाही. निर्णय घ्यायला ती होती.

पाय वाचला. पण खालच्या पायाच्या पुढच्या बाजूचा बराचसा स्नायू गेला होता. उघडं पडलेलं हाड झाकायला त्याच्या डाव्या मांडीतला स्नायू काढून उजव्या पायावर बसवला गेला. पायाभोवती बाहेरून धातूच्या कड्यांची चौकट लागली. कड्यांमधून तारा आणि खिळे आत हाडात जातात आणि हाड सांधेपर्यंत त्याला जागच्या जागी धरून ठेवतात. ही चौकट तो २०१९ च्या जुलैपर्यंत वागवत होता.

नडगीपुढचा स्नायू नेमकं काय करतो, हे आपल्याला कधी जाणवत नाही. पाऊल उचलताना बोटं वर धरायचं काम त्याचं. तो नसला की पाऊल लोंबतं, चालताना बोटं जमिनीला घासतात आणि माणूस सपाट रस्त्यावरही अडखळतो. अशा पायाला पावलाखालून पोटरीपर्यंत जाणारा आधार बांधावा लागतो. स्मिथ उजव्या हाताने फेकतो. उजव्या हाताचा क्वार्टरबॅक मागे सरून थांबतो तो उजव्या पायावर आणि फेकीसाठी जोर लावतो तोही त्याच पायाने. म्हणजे ज्या पायावर सगळी मदार, तोच गेलेला. तो पुढे खेळला तो पाय पूर्ववत झाला म्हणून नव्हे. जो पाय उरला होता त्याने खेळायचं त्याने नव्याने शिकून घेतलं, आधार बांधून.

हे शिकला तो मोठ्या अंशी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला. सेंटर फॉर द इंट्रेपिड हे तिथलं लष्कराचं पुनर्वसन केंद्र. युद्धात स्फोटांत पाय गमावलेले किंवा चाळणी झालेले सैनिक तिथे पुन्हा उभं राहायला शिकतात. स्मिथच्या पायाची अवस्था खेळातल्या दुखापतीपेक्षा त्या सैनिकांच्या जखमांच्या जवळची होती. खेळाडूंच्या डॉक्टरांना अशा पायाचा अनुभव नव्हता, लष्करी डॉक्टरांना होता. तिथे एके दिवशी त्याच्या हातात फुटबॉल दिला गेला, आणि आपण अजून खेळाडू आहोत ही जाणीव तिथूनच परत आल्याचं त्याने नंतर सांगितलं.

जुलै २०२० मध्ये त्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की हाड आता खेळाचा मार सोसू शकेल. घरी पत्नीने आणि मुलांनी त्याच्यावर शॅम्पेनचा फवारा केला. पण त्या परवानगीचा अर्थ फक्त ‘पाय तयार आहे’ एवढाच होता. संघाचे डॉक्टर वेगळे, त्यांची तपासणी वेगळी. संघाने त्याला आधी शारीरिकदृष्ट्या असमर्थ खेळाडूंच्या यादीत ठेवलं. या यादीतला माणूस संघाबरोबर असतो, उपचार घेतो, पण सराव करू शकत नाही. १६ ऑगस्टला त्याचं नाव त्यातून निघालं.

आणि आता दुसरी लढाई. त्याच्या गैरहजेरीत वॉशिंग्टनने थांबून राहणं शक्यच नव्हतं. तो पडला त्या हंगामात त्याच्या जागी कोल्ट मकॉय आला, दोन आठवड्यांत त्याच्याही पायाचं हाड मोडलं, मग मार्क सांचेझ, मग जॉश जॉन्सन. २०१९ मध्ये संघाने पहिल्या फेरीत १५ व्या क्रमांकावर ड्वेन हॅस्किन्सला निवडलं. २०२० मध्ये प्रशिक्षक म्हणून रॉन रिव्हेरा आले आणि आपल्या जुन्या संघातून काइल ॲलनला घेऊन आले, कारण त्याला त्यांची पद्धत पाठ होती. म्हणजे पहिल्या जागेवर मालकांची मोठी निवड, दुसऱ्यावर प्रशिक्षकांचा विश्वासू, आणि तिसऱ्यावर स्मिथ. संघात असं क्रमवार कोष्टक असतं आणि दर आठवड्याला ते जाहीर होतं. ९.४ कोटींच्या करारवाला माणूस त्यात तळाला होता. आपण परतलो ते संघाला नको होतं, त्यांच्या आराखड्यात आपण बसत नव्हतो, असं त्याने पुढे एका मुलाखतीत उघड सांगितलं. रिव्हेरा यांनीही लपवलं नाही. हा पुन्हा मैदानात जाऊन पाय मोडून घेईल आणि त्याला पाठवणारा मी असेन, ही भीती त्यांच्या मनात होती. मला या दोघांचंही म्हणणं पटतं. एकाने दोन वर्षं याच दिवसासाठी काढली होती, दुसऱ्यावर त्या पायाची जबाबदारी होती. रिव्हेरा स्वतः तेव्हा लसिकाग्रंथीतल्या कर्करोगावर उपचार घेत होते.

चार सामन्यांनंतर रिव्हेरा यांनी हॅस्किन्सला बसवलं आणि थेट तिसऱ्या जागेवर ढकललं. ॲलन पहिला, स्मिथ दुसरा. हॅस्किन्स या पोराचं पुढे काय झालं हे आठवलं की वाईट वाटतं. त्याच डिसेंबरात त्याला संघातून काढलं आणि २०२२ मध्ये, २४ व्या वर्षी, तो फ्लोरिडात रस्त्यावरच्या अपघातात गेला.

११ ऑक्टोबर २०२०, लॉस अँजेलिस रॅम्सविरुद्ध. पाऊस होता. महाराष्ट्रात तेव्हा रविवारची रात्र होती, साडेदहा नुकतेच वाजून गेले होते. दुसऱ्या सत्रात ॲलनला मार बसला आणि स्मिथला बोलावणं आलं. दुसऱ्याच्या दुखापतीने त्याला जागा दिली. २०१२ मध्ये जे केपरनिकच्या बाबतीत झालं, ते आता त्याच्या बाबतीत.

एक बारकावा सांगायलाच हवा. सरावात क्वार्टरबॅक वेगळ्या रंगाचा अंगरखा घालतात, म्हणजे याला कुणी पाडायचं नाही. एरवी हंगामाआधीच्या सराव सामन्यांत त्यांना थोडाफार मार खायला मिळतो. २०२० मध्ये करोनामुळे ते सगळे सामने रद्द झाले होते. त्यामुळे १८ नोव्हेंबर २०१८ नंतर त्या पायावर सामन्यात कुणी माणूस आदळलेला नव्हता. हाड टिकेल असं डॉक्टर सांगत होते, तपासण्या सांगत होत्या, पण प्रत्यक्षात पडून बघितलेलं नव्हतं. तो उतरला आणि काही खेळींतच ॲरन डोनल्डने त्याला गाठलं. त्या काळात बचावात त्याच्यापेक्षा भयंकर माणूस लीगमध्ये नव्हता. तो स्मिथच्या पाठीवरच चढला आणि सव्वाशे किलो वजनासकट दोघं खाली. गॅलरीत त्याची बायको-मुलं होती. स्मिथ उठला.

आपल्याकडे जुनी मंडळी संदीप पाटलांची आठवण काढतात. १९८१ च्या सिडनी कसोटीत लेन पास्कोचा चेंडू कानावर बसून ते कोसळले आणि पुढच्याच कसोटीत ॲडलेडला त्याच ऑस्ट्रेलियाविरुद्ध १७४ धावा काढल्या. डोनल्डच्या त्या सॅकनंतर मला तेच आठवलं. स्मिथच्या खात्यात मात्र त्या दिवशी १७४ नव्हते. त्याने १७ पैकी ९ चेंडू पोहोचवले, एकूण ३७ यार्ड, सहा वेळा सॅक झाला आणि संघ ३०-१० असा हरला. सराव न मिळालेल्या दुसऱ्या क्वार्टरबॅकचे आकडे असेच असतात. आणि पुढच्या सामन्यात? ॲलन बरा होता, जागा ॲलनची. स्मिथ परत बाजूला.

८ नोव्हेंबरला न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध ॲलनच्या घोट्याला गंभीर दुखापत झाली, त्याचा हंगाम संपला. पुन्हा स्मिथ आत. त्या दिवशी तीन चेंडू त्याने समोरच्यांच्या हातात दिले. पण आता पहिली जागा त्याची होती, म्हणून पुढचा आठवडाभर पहिल्या क्वार्टरबॅकचा सराव त्याला मिळाला. आठवडाभराच्या सरावाने काय होतं ते डेट्रॉइटविरुद्ध दिसलं: ५५ पैकी ३८, ३९० यार्ड, त्याच्या सगळ्या कारकिर्दीतला सर्वाधिक आकडा. तो सामना शेवटच्या क्षणी ५९ यार्डांवरून मारलेल्या किकने हातचा गेला. मग मात्र सिनसिनाटी, डॅलस, सलग ११ सामने न हरलेला पिट्सबर्ग आणि त्याचा जुना सॅन फ्रान्सिस्को, सगळे हरले. पिट्सबर्गविरुद्ध त्याच्या दुसऱ्या पायाला, धडधाकट असलेल्या डाव्या घोट्याला कुणाचा तरी खिळ्याचा बूट लागला आणि मोजा रक्ताने भिजला. तो खेळत राहिला.

खरं सांगायचं तर तो पूर्वीचा स्मिथ नव्हता. त्या हंगामात त्याच्या सहा टचडाउन फेकी, म्हणजे थेट गुण मिळवून देणाऱ्या, आणि आठ चुकलेल्या, समोरच्यांनी पकडलेल्या फेकी. वॉशिंग्टनचा बचाव जबरदस्त होता, चेज यंगसारखा नवा पोरगा त्यात होता, आणि बरेच सामने त्या बचावाने जिंकले. पण स्मिथने सुरुवात केलेल्या सहांपैकी पाच सामने संघ जिंकला, आणि बाकीच्या दहांपैकी फक्त दोन. चेंडू वेळेवर हातातून सोडणं, नसलेली फेक न शोधणं, भिंत फुटतेय हे न बघता ओळखणं, हे सगळं पायात नव्हतं, पंधरा वर्षांच्या डोक्यात होतं. संघ अवघे सात सामने जिंकून गटात पहिला आला, तो शेवटच्या रविवारी स्मिथनेच फिलाडेल्फियाला हरवल्यामुळे.

तेव्हाही पोटरी दुखत होती, उजवीच. सॅन फ्रान्सिस्कोच्या सामन्यापासून सुरू झालेलं दुखणं. बाद फेरीचा सामना आला, समोर टँपा बे, म्हणजे टॉम ब्रेडी, आणि स्मिथला उभं राहता येईना. महिन्याभरापूर्वी संघात दाखल झालेला, तोवर ओल्ड डोमिनियन विद्यापीठाचा गणिताचा अभ्यासक्रम करत बसलेला टेलर हायनिकी सुरुवात करायला उतरला. संघ ३१-२३ हरला, पण हायनिकी असा खेळला की दुसऱ्या दिवशी सगळीकडे त्याचंच नाव. स्मिथने बाजूला उभं राहून पाहिलं, केपरनिकच्या त्या सुपर बोलसारखंच.

फेब्रुवारीत स्मिथला पुनरागमनाचा पुरस्कार मिळाला. मार्चमध्ये वॉशिंग्टनने त्याला मोकळं केलं. एप्रिलमध्ये तो निवृत्त झाला, वयाच्या ३६ व्या वर्षी, आणि कारण म्हणून त्याने सांगितलं की मुलांबरोबर खेळायचंय, डोंगर चढायचेत, हे सगळं करायला आता पाय आहे.

त्याच्या जागी वॉशिंग्टनने रायन फिट्झपॅट्रिकला आणलं. वय ३८, सुरुवातीचा क्वार्टरबॅक म्हणून. १२ सप्टेंबर २०२१, हंगामातला पहिलाच सामना, दुसरं सत्र. त्याला धक्का बसला आणि खुब्याचा सांधा हलला. हायनिकीने शिरस्त्राण चढवलं आणि तो आत गेला. फिट्झपॅट्रिक त्यानंतर पुन्हा कधी खेळला नाही.